आबांची खुर्ची आणि आटलेल्या फळ्या

काल संध्याकाळी रोह्यात, आमच्या घरामागे जे झालं ना... ते सांगितल्याशिवाय मला चैनच पडेना!

माझे सासरे आबा अर्धांगवायूनंतर व्हीलचेअरवर. मागच्या दाराला पायऱ्या, त्यामुळे कुंडलिका नदी घरामागे असून आबा ती खिडकीतूनच बघायचे. म्हणून आम्ही दाराला समतल लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा, केला.

वाळवी लागू नये म्हणून ट्रीटमेंट केलेल्या फळ्या आणल्या. आल्या तेव्हा औषधाच्या पाण्याने चिंब... पण माझ्या नवऱ्याला, संदीपला, भारी घाई! कंपनीतून शिफ्ट संपवून आला की ड्रिल हातात. ओल्याच बसवल्या.

ऊन लागलं आणि फळ्या आटल्या. फटी रुंदावल्या, कडा वर उचलल्या. आबांना पहिल्यांदा बाहेर आणलं तर खुर्चीचं पुढचं चाक फटीत अडकलं! मी धरलं म्हणून पडले नाहीत. त्यानंतर त्यांनी बाहेर यायचं नावच सोडलं. इतकं वाईट वाटलं मला...

एकदा त्या वाकड्या फळ्यांकडे बघत बसले होते आणि डोक्यात ट्यूब पेटली. अहो, मी पेणची! माहेरी गणपतीचा कारखाना. ओली मूर्ती कोणी उन्हात ठेवतं का? सावलीत, सावकाश सुकवायची, नाहीतर तडकलीच. मग लाकडाला वेगळा न्याय कशाला?

पप्पांना फोन केला. "पेणची पोर तू, आन ओलं लाकूड उन्हात घातलंस व्हय गो?" खो खो हसले. पण दुसऱ्या दिवशी टेम्पोत शाडू मातीची पोती घालून हजर!

सगळे स्क्रू काढले. फळ्या आतून अजून दमटच होत्या. पडवीत फळ्या एकावर एक रचल्या, मध्ये हवेसाठी पट्ट्या, वर वजनाला शाडूची पोती. संदीप रोज विचारायचा, "झालं का?" मी म्हणायची, "नाय!"

दोन फळ्या वाकल्या त्या वाकल्याच. पण बाकीच्या काय सरळ झाल्या! पुन्हा बसवल्या, अगदी जेमतेम फट ठेवून.

आणि काल... आबा दारातच घाबरले. माझा हात गच्च धरला. संदीपने हळूच खुर्ची ढकलली आणि चाक कुठ्ठे म्हणून अडलं नाही. थेट डेकच्या नदीकडच्या कठड्यापर्यंत! मी तर चक्क टाळ्या वाजवल्या.

आबांनी कठड्यावर हात ठेवला, नदीकडे बघितलं. मग म्हणाले, "चहा इथंच आण गो."

आज सकाळी जाग आल्याआल्या त्यांचा पहिला प्रश्न, "मागचं दार उघडलंस काय?" देवा, अजून काय मागू...