थोरलीचा पाट

आटत्या दुधात जायफळ पडलं की मला बुधवार पेठेतली आमची गच्ची आठवते.

त्या कोजागरीला मी सात वर्षांची होते. माझी जन्मदाती आई आधीच गेली होती. बाबांनी दुसरं लग्न केलं आणि नव्या आईला नुकताच मुलगा झाला होता. कोजागरीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात. चंद्राला दुधाचा नैवेद्य दाखवून झाला आणि मी सवयीने पाटाकडे निघाले. तेवढ्यात आत्याच बाळाला मांडीवर घेऊन पाटावर बसली.

"तुझं पहिलं हेच. ओवाळ," ती नव्या आईला म्हणाली.

मी कठड्याशी सरकले.

"वन्सं, उठा तिथून. माझी थोरली उभी आहे."

"ती तुझी कशी?"

"मला ती चालती-बोलती मिळाली, एवढंच."

वाऱ्याने निरांजन विझलं. नव्या आईने ते पुन्हा लावलं, पण बाळाला ओवाळायला तबक काही हलवलं नाही. दुधावर साय धरली, तरी ती तशीच उभी. शेवटी आत्या उठली.

लक्ष्मी त्या रात्री 'कोण जागं आहे?' असं विचारत फिरते म्हणतात. मला तेव्हा फक्त दूध कधी मिळतंय याची घाई होती. नवी आई तेव्हा जेमतेम विशीची होती आणि वन्संपुढे पहिल्यांदाच बोलत होती, हे फार उशिरा लक्षात आलं.

काल कोजागरीला मी म्हटलं, "आई, आता माझे गुडघे वाकत नाहीत. राहू दे ओवाळणं."

तबक घेऊन ती समोर उभी राहिली.

"खुर्ची आण, पाय पाटावर ठेव. मी थांबते."