रेवदंड्याला गेलेली मुराळी

आमच्या भागात लेकीला सासरहून माहेरी आणायला जो जातो त्याला मुराळी म्हणतात. तो बहुधा भाऊ असतो. आम्हाला भाऊ नव्हता. अक्का आणि मी, दोघीच. त्यामुळे अक्काला पहिल्या बाळंतपणासाठी आणायची वेळ आली तेव्हा आबा मला म्हणाले, "तूच मुराळी. मी नुस्ता सोबतीला."

मी तेव्हा बारामतीच्या कॉलेजातून बी.ए.ची शेवटची परीक्षा नुकतीच दिली होती. आमच्या भावकीत इथवर शिकलेली मीच पहिली. यात माझा वाटा थोडा आहे. अक्का सातवीनंतर घरी बसली आणि तिनं चूल हातात घेतली. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची, आबा साखर कारखान्यात. मी दिव्याजवळ अभ्यास करत असले की अक्का भाकरी थापायचा आवाजसुद्धा हळू करायची. पुढे अनेक चांगले शिक्षक मला मिळाले, पण माझ्या शिक्षणाची सुरुवात त्या हळू थापलेल्या भाकरीपासून झाली असं मला वाटतं.

अक्काचं लग्न झालं तेव्हा दाजी बारामतीच्या एमआयडीसीत फिटर होते. ते मूळचे समुद्राकाठचे, अलिबागच्या पुढं असलेल्या रेवदंड्याचे. पंचशील घेऊन साधं लग्न झालं आणि वर्षभर दोघं बारामतीतच भाड्याच्या खोलीत राहिली. अक्का लांब गेली असं आम्हाला वाटलंच नाही. मग दाजींची कंपनी बंद पडली. ते गावी परतले आणि बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करू लागले. तेव्हा इंदापूरचे मामा आबांना टोचून बोलले, "घाटाखाली दिली व्हय पोरगी? आमच्या लोणी देवकरला काय पोरं न्हवती?" आबा म्हणाले, "तुमच्या पोरांस्नी बघूनच तर खाली दिली." सगळे हसले. आई मात्र हसली नाही.

आता आमच्याकडचा एक हिशेब सांगायला हवा. आमच्याकडे वर्ष कारखान्यावरून मोजत. दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटला की हंगाम सुरू, आणि शेवटचा ऊस गाळून झाला की पट्टा पडला. लग्न, पाहुणपण, घराची डागडुजी, डोळ्याचं ऑपरेशन, सगळं पट्टा पडल्यावर. आबा गव्हाणीवर होते. ट्रॉलीतला ऊस जिथं यंत्राच्या तोंडी लागतो ती गव्हाण. ते हंगामी कामगार होते. हंगामात जागा सोडली तर पुढच्या वर्षी तिथं दुसरा उभा दिसतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून अक्काला सातवा लागला तरी घरात कुणाला घाई वाटली नाही. मार्च सरता सरता पट्टा पडतो, मग जाऊन आणू, असं ठरलं होतं. त्या वर्षी ऊस अमाप होता. एप्रिल सरला तरी गव्हाणीपुढची गाड्यांची रांग हटेना. आई रोज विचारायची, "कवा पडायचा ओ पट्टा?" आबा म्हणायचे, "आठ दिसात." असे आठ दिवस कितीतरी झाले.

मे महिना निम्मा झाला आणि कारखान्याचा भोंगा बंद झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. आईनं मामाकडची मालदांडी ज्वारी दळून दिली होती, कारण अक्का भाताला कंटाळली असणार. डिंकाचे लाडू होते. आणि स्वतःच्या जुन्या लुगड्याची मऊ, बारीक टाक्यांची एक लहानशी गोधडी होती. ती पिशवी आबांनी प्रवासभर मांडीवर धरली.

स्वारगेटला गाडी बदलली. कंडक्टर गप्पिष्ट होता. लेक आणायला चाललोय म्हणून आबांनी सांगितल्यावर त्यानं विचारलं, "मुराळी कोण मग?"

"ही काय," आबांनी माझ्याकडं बोट केलं.

"मुराळी बाई? मग फेटा कुठाय?"

"फेटा कशाला? बी.ए.ला बसलीय," आबा म्हणाले, आणि पुढच्या मागच्या सीटवरच्यांनी ऐकलं का हे त्यांनी वळून पाहिलं.

बोरघाट उतरलो. पेण मागं पडलं, अलिबाग गेलं. डोंगर आमच्याबरोबर येतच राहिले. आमच्याकडे डोंगर लांब, कडेला असतात. इथं ते थेट पाण्यापर्यंत उतरत होते आणि त्यांच्या पायाशी चिंचोळ्या पट्टीत माणसं राहत होती. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाता जाता अचानक समोर काळ्या दगडाचा प्रचंड तट आला. रस्ता त्या तटातून आत शिरत होता. तटावर झाडं उगवली होती आणि त्यांची मुळं दगड धरून खाली आली होती.

"आख्खं गाव कोटात हाय की," आबा म्हणाले. "एवढ्या दगडात आपल्याकडं धरण झालं असतं."

अक्काचं घर मात्र तटाच्या आत नव्हतं. तटाला लागून बाहेरच्या अंगाला बौद्धवाडी होती, तिथं. कौलारू, पुढं सारवलेली पडवी. आबांनी अंगणातूनच आवाज दिला, "पाव्हणं, हायसा का घरात? मुराळी आलाय."

अक्का दारात आली. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला होता. तिनं आबांच्या हातातली पिशवी घेतली, तेव्हा पदर सरकला आणि आम्हाला दिसलं. पोट नव्हतं.

आतून अक्काच्या सासूबाई आल्या. त्या मऊ स्वभावाच्या बाई. त्यांनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि आबांसमोर खाली बसल्या. "एप्रिलात, जयंतीच्या तोंडावर झालं," त्या म्हणाल्या. "आठव्यातच कळा आल्या. अलिबागला नेलं. मुलगी होती. थोडा वेळ होती."

"आमाला कळवलं न्हाई," आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. ते नुसते पाण्याकडं बघत होते.

"आम्ही कळवणार होतो. हिनं शपथ घातली."

अक्का दाराला टेकून उभी होती. "कळवलं असतं तर तुमी आला असता."

"आलो असतो."

"गव्हाण सोडून?"

आबांनी उत्तर द्यायला वेळ लावला. तेवढा वेळ अक्कानं बघितला. मग तीच म्हणाली, "आला असता, आबा. म्हणूनच न्हाई कळवलं. पुढच्या सीझनला जागा गेली असती. अन हिचं पुढचं शिक्षण अजून व्हायचंय."

मी खाली बघत राहिले.

संध्याकाळी दाजी बंदरावरून आले. त्यांच्या हातांना ग्रीस होतं. आबांच्या पाया पडताना त्यांनी हात मागं बांधून नुसतं डोकं टेकवलं. घरात बसवत नव्हतं. अक्काच म्हणाली, "चला, कोट बघून येऊ. एवढ्या लांब आलाय."

मग आबा, अक्का आणि मी निघालो. अक्का पुढं चालत होती, वाट दाखवत होती. तिच्या बोलण्यात घाटाखालचे शब्द आले होते. वाडी, आगर, उधाण. पोर्तुगिजांनी बांधलेला कोट, हा त्यांच्या चर्चचा मनोरा, ह्याला सातखणी म्हणतात, पूर्वी सात मजले होते म्हणे. आता वरचे गेले होते. खाली तोफा पडल्या होत्या, त्यांच्यावर कुणीतरी कपडे वाळत घातले होते. एरवी मी शंभर प्रश्न विचारले असते. इतिहासाचा माझा एक पेपर याच काळावर होता. त्या दिवशी माझ्या तोंडून एकच प्रश्न निघाला. "अक्का, तुला दमायला होत न्हाई ना?"

"रोज येती मी," ती म्हणाली.

आबा तटाच्या दगडावरून हात फिरवत चालले होते. एका ठिकाणी थांबून त्यांनी विचारलं, "आपली वाडी भाईरच का गं?"

"आपण कुठं आत व्हतो, आबा? आपल्या गावात तरी?" अक्का म्हणाली, आणि आल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. आबाही थोडंसं हसले.

तटाला एक खिंडार होतं. त्यातून बाहेर पडलो आणि समोर समुद्र आला. मी समुद्र पहिल्यांदाच बघत होते. काळसर वाळू, खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर पाण्यात शिरलेला. वाळूच्या वरच्या अंगाला सुरूचं बन होतं. अक्का तिकडं वळली. एका झाडाच्या बुंध्याशी गोल दगड रचून ठेवले होते, शंख-शिंपले नव्हते, फूल नव्हतं. नुसते दगड.

"उधाणाचं पाणी हितंवर येत न्हाई," ती म्हणाली. "ह्यांनी विचारून जागा घेतली."

आबा टोपी काढून उभे राहिले. मग हळूच खाली बसले आणि एक दगड जरा हलला होता तो नीट बसवला. गव्हाणीवर आयुष्य काढलेले त्यांचे हात मोठे होते. तो दगड त्यात लहान दिसत होता.

रात्री जेवताना आबांनी विषय काढला. "उद्या निघू. तुजी आई वाट बघतीय."

"मी येत न्हाई."

"अक्के..."

"आईनं बाज विणून ठेवली असल."

"ठेवलीय."

"आळीतल्या बायास्नी सांगितलं असल."

सांगितलं होतंच. समोरच्या काकूंनी शेक-शेगडीसाठी गोवऱ्या बाजूला काढल्या होत्या.

"हितं समद्यांना ठावं हाय," अक्का म्हणाली. "कुणाला सांगावं लागत न्हाई. तितं जाऊन मी काय करू? दारोदार सांगत फिरू? जी ती विचारणार, काय झालं, पोरगा का पोरगी."

दाजींनी ताटावरची नजर उचलली नाही. सासूबाई म्हणाल्या, "जा बाई, बरं वाटेल." अक्कानं मान हलवली. आबांनी पुढे आग्रह केला नाही.

पहाटे मला जाग आली तर आबा पडवीत बसले होते. भोंग्याच्या वेळेला उठायची सवय. इथं भोंगा नव्हता, लाटांचा आवाज होता. माझी चाहूल लागल्यावर ते म्हणाले, "भाऊ असता तर त्याला राहाता आलं नसतं. बहिणीच्या सासरी कोण राहतंय? तू राहा. तू बाई हायस."

असं झालं. न्यायला गेलेली मुराळी तिथंच राहिली. आबा रिकामी पिशवी घेऊन गाडीत बसले. गोधडी अक्कानं ठेवून घेतली. परत न्यावी असं आबांच्या मनात होतं, पण ती म्हणाली, "राहू दे हितं." पुढचे काही आठवडे ती रोज सकाळी ती गोधडी पडक्या तटावर उन्हात टाकायची, कारण त्या हवेत कापडाला लगेच वास येतो. ऊन उतरलं की घडी करून आत. मी तिला मालदांडीच्या भाकरी करून घालायचे. त्या मला कधीच नीट जमल्या नाहीत. "शिकलेल्या बाईची भाकरी," ती म्हणायची, आणि कडा मोडून खायची. संध्याकाळी आम्ही सुरूच्या बनापर्यंत जाऊन यायचो.

जूनच्या सुरुवातीला पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या आणि दाजींचं काम थंडावलं. एके दिवशी दुपारी अक्का अचानक म्हणाली, "चल, आईला भेटून येऊ." मी कारण विचारलं नाही. निघण्यापूर्वी ती एकटी बनात जाऊन आली. दाजींनी आम्हाला पोचवलं.

आमच्या आळीत शिरताना अक्काची पावलं मंद झाली. मीही धास्तावले होते. पारावर बायका बसल्या होत्या. समोरच्या काकू उठल्या, अक्काजवळ आल्या. मला वाटलं, आता विचारणार. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "दमलीस? चल घरी." बस. दुसरीनं अंगणात पाय धुवायला पाणी आणलं. त्या दिवशी नाही, पुढच्या दिवसांतही नाही, कुणीच काही विचारलं नाही. मुलगा की मुलगी हे एकीनंही विचारलं नाही.

मला ते विलक्षण वाटलं. आमच्या आळीत अशी शांतता कधी नसते. पुढे आईनं सांगितलं. रेवदंड्याहून आल्यावर आबा घरात न बसता, पिशवी खाली न ठेवताच, पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत गेले होते. वरच्या आळीतही गेले, ज्या दारात ते एरवी पाऊल ठेवत नसत तिथंही. प्रत्येक दारात उभं राहून म्हणाले होते, "माझ्या लेकीचं बाळ गेलं. पोरगी व्हती. मी आणायला उशिरा गेलो. ती आली की तिला काय विचारू नका."

आईनं बाळंतपणासाठी विणलेली बाज भिंतीला उभी करून त्यावर चादर टाकली होती, डोळ्यांना दिसू नये म्हणून. अक्कानं घरात आल्यावर चादर काढली, बाज आडवी केली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. आबा उंबऱ्यात बसले होते. ती झोपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.