भरल्या पोटाचा मासा

"पोट भरलं असलं का कोनी कोनाले खात नाही, पोरी." माशाच्या पेटीच्या काचेवर अंगठीनं टकटक करत काका हे सांगायचे. तुम्ही विचारलेलं असो की नसो.

उमरखेडला आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला, ऑफिसच्या सहलीत, आणि तेव्हा म्हणे ओहोटी होती. तरी निवृत्त झाल्यावर या माणसानं बैठकीत खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडली. तिचं मीठ नागपूरहून यायचं. काका ते बादलीत इतकं मन लावून कालवायचे की काकू म्हणायच्या, "माह्या सयपाकाकडं एवढं ध्यान असतं यांचं, तं काय पाह्यजे होतं."

पेटीत काकांच्या हट्टाचा एक लायनफिश होता. तपकिरी पट्ट्यांचा, काटेरी पंख पसरून ऐटीत फिरणारा आणि तोंडात मावेल ते गिळणारा. काकूंच्या हट्टाचा एक झिंगा होता. लाल पाठीवर पांढरा पट्टा, लांब पांढऱ्या मिशा. तो माशाच्या अंगावर चढून त्याचे कल्ले साफ करायचा. दुकानदारानं बजावलं होतं की ही दोघं एकत्र ठेवू नका. काकांनी त्यालाही आपलं वाक्य ऐकवलं आणि रोज संध्याकाळी माशाला चिमट्यानं बाजारचे झिंगे भरवू लागले. या घरच्या झिंग्यासमोरच? मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "ते बाजारातले. हा आपला हाय."

घर पक्कं शाकाहारी. त्यामुळे ते बाजारचे झिंगे फ्रिजमध्ये पिशवीत पिशवी बांधून, आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात लपून असत. काकूंना सगळं ठाऊक होतं. तो डबा दिसला की त्या नाकाला पदर लावायच्या आणि आपल्या झिंग्याला बघायला जायच्या.

मग काकूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. काकांनी त्यांची खाट बैठकीत, पेटीसमोर आणली. काकू दिवसभर त्या झिंग्याकडे बघत. तो मिशा हलवत काचेशी आला की त्यांचं अर्धं तोंड हसायचं. दुसऱ्या कशानंही हसत नसे.

त्या वर्षी भाद्रपदात काकांनी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, फार कडक केल्या. आदल्या दिवशीच फ्रिज धुतला, तो डबा घराबाहेर काढला. माशाचं काय, असं मी विचारलं. त्यांनी माझ्यापुढे हातच जोडले.

"देवी घरात हाय तोवर पेटीत मांस पडनार नाही. मी उपाशी राह्यतो, तं तोई राहीन. तिची वाचा पाह्यजे मले, पोरी."

तुम्ही म्हणाल, स्वतःचंच वाक्य कसं विसरले? विसरले नव्हते. देवीपुढे ते त्यांना लहान वाटलं, एवढंच.

देवीच्या जेवणाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. महालक्ष्म्या पेटीच्या समोरच्या भिंतीशी बसवलेल्या, त्यामुळे आरतीला सगळ्यांची पाठ पेटीकडे. काकूंचं तोंड मात्र नेहमीसारखं पेटीकडेच होतं. आरतीच्या मध्येच काकू ओरडल्या. आवाज फाटका होता, पण इतक्या महिन्यांनी आवाज होता. टाळ थांबले. काकूंचा डावा हात वर उठला होता.

"बोलली! देवीनं ऐकलं," म्हणत काका धावले. त्यांनी खाट फिरवून काकूंचं तोंड देवीकडे केलं. तो उठलेला हात धरला, लुळ्या उजव्या हाताला जोडला आणि मुखवट्यांसमोर धरून ठेवला. काकू मान हलवत होत्या, हात सोडवायला हिसके देत होत्या. अंगात ताकद आली, असं बायका म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या. काका लहान मुलासारखे रडत होते. इतका आनंदी माणूस मी त्या घरात कधी पाहिला नव्हता.

पंगती उठल्या, माणसं गेली, तेव्हा काका पेटीजवळ आले. वाळूवर पांढऱ्या मिशा पडल्या होत्या. मासा कोपऱ्यात शांत होता. काकांनी पेटीकडे पाहिलं, मग खाटेकडे.

"मले हाक मारत होती ती," ते म्हणाले. "अन् म्या तिचे हात धरून ठेवले."

नागपूरहून दुसरा झिंगा आला. काकूंनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं नाही. मासा काकांनी कोणाला तरी देऊन टाकला. काकूंच्या तोंडून पुन्हा आवाज निघाला नाही, आणि तो हातही परत कधी उठला नाही. मला अजून त्या आरतीचा राग येतो. कोणावर काढायचा ते कळत नाही.

थंडीत काकू गेल्या. त्यांना खाली निजवलं, तेव्हा एका म्हाताऱ्या बाईनं रीतीप्रमाणे त्यांचे हात छातीवर जोडायला घेतले. भिंतीशी बसलेले काका तिथूनच बोलले.

"जोडू नका. मोकये राहू द्या तिचे हात."