अंगणातली पांढरी रुई

रुईचं झाड कोणी हौसेनं लावत नाही. ते नाल्याच्या काठाला, पडक्या भिंतीत, उकिरड्यावर आपसूक उगवतं. मी लावलं, आणि हौसेनंच लावलं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी लग्न होऊन मंगरूळपीरजवळच्या एका खेड्यात आले. माहेरी वाशीमला नळ होता, दारात फुलझाडं होती. सासरी अंगण भलं मोठं आणि त्यात एक हिरवं पान नाही. पाणीच नव्हतं, तर लावणार काय?

म्हणून नाल्यातून रुईचं वीतभर रोप उपटून आणलं. सासूनं कपाळाला हात लावला. "काहून वं, घर ओसाड पाडतं काय? रुई कोनी दारात लावते?"

"तुमाले पानी मागनार नाही ते," मी म्हटलं.

आणि खरंच नाही मागितलं. सुरुवातीला चार दिवस भांडी विसळलेलं पाणी घातलं असेल, तेवढंच. पुढं सगळं शिवार करपलं, बाभळीसुद्धा झडल्या, आणि माझी रुई मात्र छातीइतकी झाली. जाडजूड पानं, त्यांच्यावर चांदीसारखी पांढरी लव; बोट फिरवलं की पिठासारखी हाताला लागायची. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून यायचं आणि त्या झाडाकडे बघायचं, एवढंच माझं सुख होतं. नंतर सासूही त्याच्याशेजारी बसून तंबाखू मळायला लागली.

दुसऱ्या वर्षी फुलं आली, ती पांढरी. गावात बाकी सगळी रुई जांभळ्या फुलांची; पांढरी माझ्या एकटीच्या अंगणात. झालं! शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते, आणि पांढऱ्या रुईची असली म्हणजे पुण्य जास्त, असं पाटलांच्या घरचं मत. त्यांचा सालगडी दर शनिवारी सकाळी यायचा, न विचारता पानं ओरबाडायचा आणि चालता व्हायचा. आमच्या घरातून देव छप्पन सालीच, बौद्ध दीक्षा घेतली तेव्हाच, गेले होते. मारुतीशी माझं काही भांडण नव्हतं. पण विचारायला यांना तोंड नव्हतं का?

पुढं विहिरीवर जे बघितलं, त्यानं मात्र माझं डोकं फिरलं. गावात पाण्याची एकच विहीर उरली होती आणि आम्हा बौद्ध घरांना तिच्या दोराला हात लावायची बंदी. कायदा काय म्हणत होता, ते विहिरीपर्यंत पोचलंच नव्हतं. खालच्या दगडावर घागर ठेवायची, "पानी वाढा व माय" म्हणत उभं राहायचं, आणि कोणाला दया आली तर ती वरून ओतणार. त्या शनिवारी मी आणि सासू उन्हात ताटकळत होतो. पाटलीणबाईंनी टोपलीतून माझ्याच झाडाची पानं काढली आणि तांब्याभर पाणी त्यांच्यावर ओतलं. आमच्या अंगणाचा विटाळ धुऊन काढत होत्या! पाणी दगडांवरून वाहून मातीत जिरलं. आमची घागर कोरडीच.

मी बोललेच. "बाई, पानाईले आंघोळ घालून राह्यल्या, तेवढंच पानी आमच्या घागरीत टाकलं असतं तं?"

"देवाचं काम हाये. तुले काय समजते त्यातलं?"

सासूनं माझा हात दाबला. "जाऊ दे," ती पुटपुटली. तिचा सगळा जन्म त्या दोन शब्दांवर निघाला होता. मला तिचाही राग आला.

पुढच्या शनिवारी मी झाडापुढं उभी राहिले आणि सालगड्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं. "सांग जाय पाटलाले, पानं भेटत नाही."

त्यानंतर एक दिवस आम्ही कामावरून आलो, तर अंगणात खड्डा. पांढऱ्या रुईच्या मुळात गणपती सापडतो, अशी आमच्याकडे समजूत आहे. तो पुजला की पाऊस पडेल, असं कोणीतरी पाटलांच्या डोक्यात भरवलं होतं. त्यासाठी झाड म्हातारं लागतं म्हणे. पण यांना धीर कुठला! कालचं झाड खणून काढलं, मूळ निघालं साधं मुळासारखं, तर झाड तिथंच फेकून गेले. मोडलेल्या फांद्यांवर चीक वाळला होता, पानं अजून टवटवीत होती. मी तिथंच फतकल मारून रडले, संतापानं रडले. सासू खड्ड्याच्या काठाशी नुसती उभी होती.

सकाळी विहिरीवर पाटलीणबाई आपणहून म्हणाल्या, "कायले तोंड पाडून उभी हायेस वं? उकिरड्यावरचं झाड ते. मोगऱ्याचं रोप देतो तुले."

"मोगऱ्याले पानी लागते," मी म्हटलं.

"मंग? वाढतो ना आमी."

मी काही बोलायच्या आत सासू पायऱ्या चढून वर गेली. पाटलीणबाईंच्या हातातला दोर तिनं काढून घेतला, बादली सोडली, ओढली आणि आमची घागर काठोकाठ भरली. मग एकच गलका झाला. विहीर बाटली, उपसा! पण उपसून फेकायची तर प्यायचं काय? झरा पुन्हा लागेल, याची खात्री कोण देणार? पुरुषांनी दुपारपर्यंत पारावर बसून खल केला. संध्याकाळी त्याच सगळ्या बाया आल्या आणि तेच पाणी मुकाट्यानं भरून घेऊन गेल्या. त्या दिवसापासून दोर आम्हीही धरला.

आता तिकडचे लोक कौतुकानं सांगतात, आमचं गाव तेव्हाच सुधारलं होतं. ऐकलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. विहिरीला भरपूर पाणी असतं, तर त्यांनी ते सगळं उपसून मातीत ओतलं असतं आणि सासूचं डोकं फोडलं असतं. सुधारले कसले! तहानले होते.