सिलिंडरसकट सासुरवाडी

माझ्या नाकाला नळी लागली तेव्हा गल्लीतल्या लोकांनी आठवडाभर भेटायला येऊन मला जवळजवळ पोहोचवलंच होतं. येणारा पलंगापाशी हळू आवाजात बोले, बायकोला बाजूला घेऊन "जेवण जातं का?" असं विचारी, आणि जाताना माझ्याकडं असा बघे की मलाच वाटे, आपलं काही सांगायचं राहिलंय का. माझी सगळी नोकरी जिनिंगमध्ये कापसाची प्रत बघण्यात गेली. रुईचं बारीक तूस वर्षानुवर्षं छातीत जाऊन बसलं आणि आतली फुफ्फुसं जुन्या गादीसारखी गोळा झाली. हे निदान डॉक्टरांचं नव्हे, माझं. डॉक्टर इंग्रजीत सांगतात, अर्थ तोच.

घरात असलो की कोपऱ्यातलं मशीन हवेतून ऑक्सिजन काढून देतं. ते विजेवर चालतं. त्याच्या नळीच्या लांबीइतका मी परभणीतल्या आमच्या तीन खोल्यांत दावणीच्या बैलासारखा फिरतो. बाहेर पडायचं तर सिलिंडर. एक छोटं आहे, खांद्याला अडकवायच्या पिशवीतलं; त्याचं तोंड हातानं फिरवून उघडतं. दुसरं मोठं, दोन चाकांच्या गाडीवर उभं. त्याला उघडायला लोखंडी चावी लागते. ही सगळी यंत्रसामग्री मला इतकी पाठ झाली होती की मी येणाऱ्याजाणाऱ्याला काटा कसा वाचायचा ते शिकवत असे. पुढं काय झालं ते वाचताना हे ध्यानात ठेवा.

दावणीला माझ्यासोबत आणखी एक जण बांधली गेली होती. हे कळायला मला दोन हिवाळे लागले.

बायकोचं माहेर वालूर. तिथं तिच्या भावाची ज्वारी असते, आणि हुरड्याच्या दिवसांत ती माहेरी जाते म्हणजे जाते. पोरं लहान होती तेव्हा गेली, सासू आजारी होती तेव्हा जाऊन दुसऱ्या दिवशी परत आली, पण गेली. नळी आली आणि हे बंद झालं. यंदा एक दिवस ती स्वयंपाकघरात भावाशी फोनवर बोलत होती.

"हुरड्याची सुरती पेरलीय का रे? दाणा भरला? लिंबाखालच्या तुकड्यात का वरच्या?" मग, "न्हाई रे, ह्येंना सोडून कुठं येऊ."

बाहेर येऊन मला म्हणाली, "औंदा हुरड्यात काय दम न्हाई म्हणायलाय."

वर कोरडा दिसणारा आणि आत ओल लपवलेला कापूस ओळखणं हा माझा धंदा होता. मी वर्तमानपत्रात तोंड घातलं आणि ठरवलं, हिला यंदा हुरडा खायला घालायचाच. अडचण एकच होती. ती मला सोडून जाणार नव्हती. म्हणजे तिला माहेरी पोचवायचं तर तिच्या सामानात मलाच जावं लागणार होतं.

डॉक्टरांना विचारलं. माझं बोलणं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "शेतात, धुरात, जाळाजवळ, नाकाला ऑक्सिजन लावून. आणखी काही राहिलंय का?" शेवटी तयार झाले. जाळापासून लांब बसायचं, धूर अंगावर घ्यायचा नाही, ऑक्सिजन सोडायची खुंटी दोनवर ठेवायची, एक सिलिंडर कायम भरलेलं पाहिजे आणि अंधार पडायच्या आत घरी. मी सगळ्याला हो म्हणालो. हो म्हणण्यात मी कधीच कमी पडलेलो नाही.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मला काय जायचं न्हाई." आणि संध्याकाळी कपाटातली चांगली साडी काढून उन्हात टाकायची का सावलीत, हे मला विचारायला आली.

निघायच्या आदल्या दिवशी ती माझी पिशवी भरायला बसली. मी म्हणालो, "माझं सामान मी भरतो. जिनिंगमधून ट्रकच्या ट्रक रवाना केलेत मी." मग मी भरलं. माकडटोपी, मफलर, जादाची नळी, बोटाला लावायचा ऑक्सिजन मोजायचा चिमटा, त्याचे सेल, रेडिओ, त्याचे सेल, पाचक चूर्ण, आणि शेतात वेळ जाईना झाला तर असावा म्हणून पत्त्यांचा जोड. मोठ्या सिलिंडरची चावी हरवू नये म्हणून मी फार पूर्वीच दारामागच्या खिळ्याला अडकवली होती. ती हरवली नाही. ती तिथंच राहिली.

मेव्हणा सकाळी जीप घेऊन आला. मोठं सिलिंडर दोरीनं सीटला बांधताना म्हणाला, "दाजी, गॅस तर आमच्या घरी पण हाय. हे कशाला आणायलाव?"

"त्याच्यावर तुझा चहा होतो. ह्याच्यावर तुझा दाजी होतो," मी म्हणालो.

वालूरला पोचलो तर माझी व्यवस्था बघून मला लग्नात एवढा मान का मिळाला नाही असं वाटलं. लिंबाखाली बाज टाकलेली, बाजेवर गोधडी, पाठीला लोड. शेजारी दोन्ही सिलिंडरं मानकऱ्यांसारखी उभी. छोट्याला पाण्याची बाटली जोडलेली असते. त्यातून ऑक्सिजन बुडबुडे काढत वर येतो. मेव्हणा बराच वेळ तो आवाज ऐकत उभा राहिला.

"आता गावात सांगतो, परभणीचे दाजी नवाबावानी हुक्का ओढायलेत."

"सांग. पण म्हणावं तंबाखू लय महाग हाय त्यांची."

आगटी चांगली दहा-बारा पावलं लांब होती. खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, मेव्हणा कणसं भाजणार, त्याची बायको ती चोळणार, आणि बायकोची शाळेतली मैत्रीण पाखडणार. ही मैत्रीण गावातच दिलेली, बुद्धविहाराच्या गल्लीत घर. शाळेत शिकवून रिटायर झाली. बायको तिला लांबून बघून पाटलीण म्हणून हाका मारू लागली आणि ती बायकोला परभणीची मेमसाब. दोघींचं हे नाव ठेवणं चौथीपासूनचं आहे, असं नंतर कळलं.

मी जाळाजवळ जायचं नाही, म्हणून हुरडा माझ्याकडं येणार असं ठरलं. मेव्हण्याच्या हातून त्याच्या बायकोच्या, तिच्या हातून मैत्रिणीच्या, मैत्रिणीच्या हातून माझ्या बायकोच्या, आणि मग माझ्या. प्रत्येक जण दाणा कसा झालाय ते बघायला दोन-चार तोंडात टाके. ओंजळभर निघालेला हुरडा माझ्यापर्यंत चिमूटभर पोचे, तोही निवून.

"गरम खायचाय मला," मी ओरडलो.

"नाकात काय लावलंय ते काढा मग," बायको तिकडून म्हणाली.

जवसाची चटणी, गूळ, दही, बोरं असं सगळं समोर मांडलं होतं. मी जिनिंगमधला मालक कापसात झोपलेला कसा सापडला ते सांगत होतो. एवढ्यात वारा फिरला. धुराची एक पट्टी सरळ माझ्याकडं निघाली. मेव्हण्यानं कणीस टाकलं, मैत्रिणीनं सूप टाकलं, आणि मी उठतो म्हणेपर्यंत चौघांनी बाजेचे चार पाय धरून मला उचललं. बाज पुढं, मेव्हण्याच्या काखेत मोठ्या सिलिंडरची गाडी, छोटं माझ्या मांडीवर बुडबुडत. लिंबाला अर्धा वळसा घालून मला पलीकडं टेकवलं. थोड्या वेळानं वारा पुन्हा फिरला आणि मी पुन्हा उठलो, म्हणजे उचललो गेलो. तिसऱ्या वेळी रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला थांबून हात जोडून गेला. त्याला काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही. मैत्रीण मात्र बाज सोडून तिथंच खाली बसली आणि हसता हसता तिला उठता येईना, आणि तिला उठवायला गेलेली माझी बायको तिच्याशेजारी बसली. दोघी मातीत. बायको पदर तोंडात धरून हसत होती. ती अशी हसते हे मी दोन वर्षं बघितलं नव्हतं.

ठरल्याप्रमाणं शेतात पोचल्या पोचल्या मी मोठ्या सिलिंडरवर जायचं होतं. छोटं फक्त प्रवासापुरतं. पण मानाच्या बाजेवर बसलेला माणूस कामाला हात लावत नाही. आता छोट्याचा काटा बघितला तर तो लाल पट्टीच्या अगदी वेशीवर आलेला. हरकत नाही, म्हणून मी पिशवीत चावी बघितली. मग पिशवी उलटी केली. माकडटोपी पडली, रेडिओ पडला, पत्ते सांडले. दारामागचा खिळा मला वालूरवरून स्पष्ट दिसला.

सांगायला हवं होतं. पण सांगितलं की ही लगेच उठणार, जीप निघणार, आणि वाटेत ही मला म्हणणार की तसंही हुरड्यात दम नव्हता. आगटीजवळ ती पहिल्यांदाच स्वतः कणसं भाजायला बसली होती. मी काय केलं, छोट्याची खुंटी दोनवरून एकवर आणली. तेवढंच जास्त पुरेल. ज्यानं गल्लीला काटा वाचायला शिकवला त्या माणसाचं हे डोकं. मग लोडाला टेकून हलायचं नाही, बोलायचं नाही असं ठरवलं. बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला, आणि चिमटा काढून पुन्हा पिशवीत ठेवला, जसं काही आकडा त्यालाच लागू होता.

थोड्याच वेळात बायकोनं कणीस हातात तसंच धरून मान वळवली.

"आवं, गप का?"

"हुरडा खायलोय."

"तोंडात काय न्हाई तुमच्या."

ती उठून आली. माझ्या ओठांकडं बघितलं, काट्याकडं बघितलं, मग एकवर असलेल्या खुंटीकडं. "चावी?"

"आहे की."

"कुठंय?"

"दारामागं."

तिनं आधी खुंटी दोनवर केली. मग भावाला हाक मारली. मेव्हणा ट्रॅक्टरकडं पळाला आणि पेटीतून एक पाना घेऊन आला. मापाचा होता, पण ग्रीसनं काळा झालेला. तो सिलिंडरला भिडवणार तोच मी दोन्ही हात आडवे केले. बोलायला दम नव्हता. "तेल नको," एवढंच म्हणालो. गॅस भरून देणारा दर वेळी बजावतो, ऑक्सिजनला तेलाचा हात लावू नका, भडका उडतो.

मेव्हणा पान्याकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत राहिला. बायकोनं पाना त्याच्या हातातून घेतला. कालच्या थंड आगटीतली राख मूठभर घेतली आणि हौदाच्या कडेला बसून, जळलेलं पातेलं घासतात तसा पाना घासला. मैत्रीण पाणी ओतत होती. राख, पाणी, मग मेव्हण्याच्या बायकोनं आणलेला साबण, पुन्हा पाणी. धुतलेल्या कोऱ्या फडक्यानं पुसून तिनं पाना उन्हाकडं धरून बघितला आणि एक कोपरा पुन्हा घासला. मला त्या वेळी टापटिपीपेक्षा घाई जास्त हवी होती, पण सांगायची माझी सोय नव्हती.

पाना बसला. मोठ्यानं फुस्स केलं. नळी इकडची तिकडं झाली, बुडबुडे सुरू झाले, आणि हळूहळू माझं शेत पुन्हा हिरवं झालं.

"दोनाचं एक कुणाला विचारून केलं?" तिनं विचारलं.

"तुला उठायला लागू नये म्हणून."

"मग न्हाई लागलं उठायला?"

मेव्हणा जीपची किल्ली काढून उभा होता. "अक्का, निघायचं का? दिवस हाय तवर पोचवतो."

मी मफलर गुंडाळायला लागलो. तिनं माझ्या बोटाला चिमटा लावला आणि आकडा वर चढेपर्यंत धरून बसली. मोठ्याचा काटा बघितला, एकदा उन्हाकडं बघितलं. मग पदर खोचून आगटीकडं चालू लागली.

"किल्ली ठेव. वरच्या तुकड्यातली सुरती तर अजून भाजलीच न्हाई. उन्हं लिंबावर आली की निघू."

"आणि दाजी?"

"दाजी बसतेत तिथं." ती आमच्याकडं पाठ करून मैत्रिणीशेजारी बसली आणि न वळता मोठ्यानं म्हणाली, "आवं, गप बसायचं न्हाई. बोलत राहा. मला इथं ऐकू आलं पायजे. आवाज थांबला की मी येणार."

मग मी बोललो. मालक कापसात झोपलेला सापडला ते पहिल्यापासून सांगितलं. ते संपल्यावर जिनिंगच्या वजनकाट्यावर म्हैस चढली होती ते सांगितलं. जाळाकडून कुणी ऐकत होतं असं वाटलं नाही. दोघी कणसं चोळत आपलंच काही बोलत होत्या, मध्येच हसत होत्या. म्हशीच्या गोष्टीत मी म्हैस काळी होती म्हणालो, तेव्हा मात्र बायको पाठमोरीच म्हणाली, "भुरी होती. मागच्या बारीला भुरी सांगितली होती."