लग्नाच्या व्हिडिओखालच्या ओळी

आमच्याकडे तक्रारीचा फोन ठेवला की आधी चहा सांगतात, मग किस्सा. त्यामुळे दोन वर्षांत ॲप कमी आणि किस्सेच जास्त तयार झाले.

ऑफिस अमरावतीत, दोन खोल्यांचं. प्रशांत सर मालक, मी प्रोग्रॅमर आणि निलिमा फोन घेणारी. मोबाइलवर सिनेमा बघा, खाली सबटायटल्स वाचा, वाटलं तर वायफायवरून घरच्या टीव्हीवर पाठवा, असं आमचं ॲप.

निलिमा बार्शीटाकळीची. तिच्या बाबांना काही वर्षांपासून अजिबात ऐकू येत नाही. गेल्या वर्षी तिच्या लग्नात ते मांडवभर हसत फिरले, पण कोण काय बोललं ते त्यांना कळलंच नाही. म्हणून ती रोज डबा खाताखाता लग्नाच्या व्हिडिओला सबटायटल्स टाईप करायची. बाबांना लग्न एकदा नीट दाखवायचंच, असा तिचा हट्ट होता.

*

अकोल्याच्या जुन्या शहरातून एका काकांचा फोन आला, निलिमानं तो माझ्याकडे दिला. "तुमचं ॲप बिघडलं. सिनेमा मी लावतो अन् दिसते शेजारच्याच्या टीव्हीवर."

मी विचारलं, "काका, वायफाय कोणाचं?"

"त्याचंच हाय. त्याच्या नातवानं पासवर्ड देल्ला."

आता काकांची वायफायची चोरी उघडी पडणार म्हणून मी घाबरलो. शेजारी काही म्हणाले का, असं हळूच विचारलं.

"म्हणाला ना. उरलेला सिनेमा कधी लावता, म्हणून भिंतीवरून विचारून राहिला."

*

एका मावशींची सबटायटल्स तीन सेकंद आधी यायची. मी फोनवरच सेटिंग करून दिलं आणि स्वतःवर खूश झालो. दुसऱ्या दिवशी मावशींचा पुन्हा फोन.

"पयलेसारखंच करून दे बाप्पा. कोण काय बोलणार हाय, थे मले आधीच समजे. घरात माहा रुबाब होता."

*

प्रशांत सर शिकले पुण्यात. ॲपमध्ये 'कृपया प्रतीक्षा करावी' असंच हवं, यावर ते अडून बसलेले. निलिमानं चाचणीपुरतं 'थांबा थोडं, येऊन राहिलं' असं लिहिलं. वायफाय तुटलं तर 'वायफाय गेलं. कोणं बंद केलं, पाहा'. ते बदलायचं काम माझं होतं आणि मी विसरलो. तसंच ते लोकांच्या मोबाइलवर गेलं.

पुण्याहून कोणीतरी कळवलं, "आपले ॲप उर्मट आहे." त्याच संध्याकाळी अकोटहून एकानं पाच तारे दिले आणि लिहिलं, "पहिल्यांदाच कोणतं ॲप माणसावानी बोललं."

सरांनी दोन्ही अभिप्राय पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाले, "राहू दे."

*

शेवटी निलिमाचं टायपिंग संपलं. बाबा सकाळच्या एसटीनं अमरावतीला आले, सोबत आमच्यासाठी पिशवीभर वांगी. ऑफिसच्या टीव्हीवर आम्ही लग्न लावलं. निलिमा बोटं मोडत मागे उभी होती. तिनं टोमणेसुद्धा गाळले नव्हते. पंगतीत मामा बाबांच्या शेजारीच बसून पलीकडच्याला म्हणतात, "बिनधास्त बोल, ह्याले ऐकू येत नाई. भाजी खारट झाली." बाबांनी ते वाचलं आणि पोट धरून हसले.

"खारट होती थे मले तवाच समजलं. माही जीभ थोडी बहिरी हाय?"

खोलीभर हशा. मला तर फार बरं वाटलं. पुढे पाठवणी आली. निलिमाला जवळ घेऊन बाबा बराच वेळ काहीतरी बोलत होते, पण खाली एकही ओळ नव्हती. बाबांनी हात वर करून व्हिडिओ थांबवायला लावला.

"सगळ्यायचं लिवलं, माहं काहून नाई? काय बोललो मी? मले तं आठवत नाई."

निलिमानं मोबाइलवर लिहून त्यांच्यासमोर धरलं : 'शब्द नाई समजले बाबा. तुमी रडून राहिले होते.'

बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं.

"मंग थेच लिव."