घडीवरची बातमी

विलास गेल्याचं वहिनींनी दार वाजवून सांगितलं. समोरचंच दार, फोनची गरज नव्हती. "भावोजी, संपलं," एवढंच म्हणाल्या. माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. मला हायसं वाटलं. फुप्फुसांच्या आजारानं त्याला शेवटी शेवटी एक वाक्य पुरं करायलाही मधे थांबावं लागायचं... तो त्रास संपला. पण हायसं वाटण्याला दुसरंही एक कारण होतं. ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

स्वारगेटजवळच्या आमच्या सोसायटीत आम्ही दोघं एकाच सुमारास राहायला आलो. मी हिशेबाच्या कामातला, तो विमा कचेरीत. दोघं वेगवेगळे पेपर घ्यायचो आणि सकाळचा चहा झाला की अदलाबदल. त्यात विलासची एक पद्धत होती. मी वाचलीच पाहिजे अशी बातमी वर दिसेल, अशी घडी घालून तो पेपर माझ्या दाराच्या कडीत अडकवायचा. ती बातमी पुढाऱ्यांची कधीच नसायची. पदपथावर चढवलेल्या गाड्या, बंद केलेली एखादी बस, आणि बहुतेक वेळा ‘गुरुवारी पाणी बंद’. पुढाऱ्यांबद्दलची मतं जिन्यात मिळायची. एका पक्षातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात गेलेल्या एकाबद्दल तो म्हणाला होता, "इतक्या वेळा पत्ता बदलणाऱ्याला आपल्या पुण्यात कुणी भाड्यानं खोली देणार नाही." मग जरा थांबून, "मला तर पत्ता न बदलताही देत नव्हते."

ती हकिकत मला ठाऊक होती. त्याच्या आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला, आडनाव मात्र जुनंच राहिलं. लग्नानंतर विलास शनिवार पेठेत आणि आसपास खोली शोधत हिंडला, तेव्हा नुसतं ‘विलास’ सांगेपर्यंत खोली रिकामी असायची. आडनाव सांगितलं की ती कालच गेलेली असायची. "घरमालक फार सभ्य होते. पाणी विचारायचे, बसा म्हणायचे. फक्त राहा म्हणायचे नाहीत," असं तो हसत सांगायचा. वहिनी मात्र कधी हसल्या नाहीत.

मग विधानसभेची निवडणूक आली. एका उमेदवाराच्या माणसांनी आमच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवून द्यायची तयारी दाखवली. बदल्यात सोसायटीची मतं एकगठ्ठा हवी होती. गच्चीवर बैठक भरली. विलास उठून म्हणाला, "एकगठ्ठा आपण कपडे देतो, इस्त्रीला. मत माझं मी देईन." लोक हसले. मी खजिनदार. मी उभा राहून मांडलं की आवारातल्या खड्ड्यांत म्हातारी माणसं पडताहेत, हे काम आपल्या निधीतून व्हायला काही वर्षं जातील, आणि मत आत जाऊन कुणाला द्यायचं ते शेवटी ज्याचं त्याच्याच हातात आहे. हिशेब म्हणून ते बरोबर होतं, आजही मी तो तसाच मांडेन. विलासनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "आपलं म्हणणं योग्य असेल."

बाकीच्यांना त्यात नुसता सभ्यपणा दिसला. मला मात्र कळलं की आमच्यातला ‘तू’ गेला. पुण्यात रागावलेला माणूस आवाज चढवत नाही, मान द्यायला लागतो. त्या दिवसापासून जिन्यात "आपण निघालात का", "आपली तब्येत बरी ना". पेपरही येत राहिला, त्यात त्यानं एक दिवस खंड पाडला नाही. फक्त घडी छापखान्यातून आलेली, तशीच. वर पुढाऱ्याचा फोटो. मी एकदोनदा जुन्या सुरात बोलून पाहिलं... समोरून ‘आपण’ आलं की शब्द तिथंच थांबायचे. ब्लॉक बसले, आवार गुळगुळीत झालं, आणि त्याचं दुखणं वाढत गेलं. हा माणूस मला ‘आपण’ म्हणतच जगातून जाणार, ही धास्ती मला तेव्हा बसली.

महापालिकेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी वहिनी आल्या. डॉक्टर बाहेर पडू नका म्हणत होते, विलास ऐकत नव्हता. मुलगी बंगळुरूला, चाकांची खुर्ची ढकलायला कुणी नाही. मी आत गेलो. "आपल्याला सवड असेल तरच," विलास पलंगावरून म्हणाला. मी म्हटलं, आहे.

सकाळी निघालो. शेजारच्या गल्लीतल्या शाळेत केंद्र होतं. आत टेबलाशी बसलेल्या बाईंनी त्याचं नाव आडनावासकट मोठ्यानं वाचलं, बोटाला शाई लावली आणि पलीकडे जा म्हणून हात केला. महापालिकेला एकाहून जास्त बटणं दाबावी लागतात, त्यात त्याला धाप लागलेली, त्यामुळे बराच वेळ लागला. मागचे लोक चुळबुळत होते. फाटकाबाहेर आल्यावर त्यानं मान वळवली.

"ऐकलंस?"

"काय?"

"आडनाव वाचलं... मोठ्यानं. तरी आत सोडलं." पुन्हा दम घेऊन म्हणाला, "म्हणून गठ्ठ्यात देत नाही मी ते."

आपण ‘ऐकलंस’ म्हटलं हे त्याच्या ध्यानात आलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. खुर्ची जरा जोरातच ढकलली. "अरे, हळू की. मत दिलंय, अजून मेलो नाही," तो म्हणाला. सोसायटीच्या आवारात चाकं अगदी अलगद चालली. लिफ्टपाशी आलो. मग म्हणाला, "ब्लॉक बरे बसवलेत तुझ्या लोकांनी."

"माझे कुठले?"

"बरं. कुणाचेच नाहीत."

दुसऱ्या दिवशी कडीत पेपर होता. सगळीकडे निकालाचे अंदाज भरलेले असणार, पण घडी फिरवलेली आणि वर कोपऱ्यातली चार ओळींची बातमी, ‘गुरुवारी पाणी बंद’. मी ती दोनदा वाचली. त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही, पण राहिला तोवर ‘तू’ होता.

कार्य उरकल्यावर वहिनींनी विचारलं, "त्यांचा पेपर बंद करू का?" मी म्हटलं, नको, मला लागतो. थोडे दिवस तो छापखान्याच्या घडीतच माझ्याकडे येत होता. मीच माझा पेपर घडी फिरवून त्यांच्या कडीत अडकवू लागलो. कधी पदपथाची बातमी, कधी बसची. त्या वाचतात की नाही, विचारलं नाही.

परवा सकाळी दार उघडलं. कडीत पेपर होता, घडी जराशी तिरकी. निवडून आलेल्यांचे फोटो आत गेलेले. मी वरची बातमी वाचली आणि बादल्या भरायला घेतल्या.